केशरी आतड्यांचे तेरा दिवस

हे तुम्ही केलंत. तुमचं नाव मला ठाऊक नाही, कारण स्कॅनच्या रिपोर्टाच्या तळाशी होती ती सही नव्हतीच, पेन चालतंय का ते बघायला ओढलेली रेघ होती. पण त्या रेघेच्या वरचं वाक्य तुमचंच. इंग्रजीत होतं, मराठीत एवढंच की, 'लहान व मोठ्या आतड्यांत सर्वदूर तीव्र अॅक्टिव्हिटी. क्लिनिकल कोरिलेशन करावे.' म्हणजे आम्हाला दिसलं ते आम्ही लिहिलं, त्याचा अर्थ तुमचं तुम्ही लावा. एवढं लिहून तुम्ही चहा प्यायला गेला असाल. इकडे भाईंदर पश्चिमेला, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, सुभाष भुवड तेरा दिवस नुसता मेला नाही, एवढंच. तेरा. मराठी घरात हा आकडा कशासाठी राखून ठेवलेला असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

सुरुवात खोकल्याने झाली, आणि तो खोकलाही काही नाव घेण्यासारखा नव्हता. सुभाषच्या मुलीचा, सुरुचीचा, साखरपुडा ठरला होता. त्याच्या बायकोला, शैलाला, भीती एवढीच की भटजी मंत्र म्हणत असताना हा खोकेल आणि ते व्हिडिओत येईल.

"एकदा छातीचा फोटो काढून घ्या," ती म्हणाली, "मग मी परत काही बोलणार नाही."

लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाने असल्या आश्वासनावर विश्वास ठेवायचा नसतो. त्याने ठेवला.

छातीच्या फोटोत उजवीकडे मुगाएवढा डाग निघाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी फोटो खिडकीवर धरला, मग ट्यूबलाइटवर धरला आणि सीटी स्कॅन सांगितलं. सीटी स्कॅनमध्ये डाग मुगाएवढाच राहिला, फक्त आता तो तीन बाजूंनी दिसत होता. "बहुधा जुनंच काहीतरी असणार," डॉक्टर म्हणाले, "पण बहुधा म्हणून सोडून कसं देणार? पेट स्कॅन करून घ्या." (हे साल दोन हजार आठ. असलं मशीन भाईंदरला नव्हतं, मुंबईला जावं लागायचं. आणि त्या नावावर जो विनोद आत्ता तुमच्या तोंडाशी आलाय तो मजल्यावरच्या चारही घरांनी करून झालेला आहे, आपण करायला नको.)

या स्कॅनची युक्ती डॉक्टरांनी नीट समजावून सांगितली. शिरेतून थोडी साखर सोडतात, तिला दिवा बांधलाय असं समजा. शरीराचा जो भाग हावऱ्यासारखा साखर खातो तो पडद्यावर पेटलेला दिसतो. कॅन्सर हावरा असतो. म्हणजे डाग पेटला तर वाईट, काळा राहिला तर जुना व्रण, घरी जा.

सुभाषने मान डोलावली, पण साखर हा शब्द ऐकल्याबरोबर त्याच्या मानेला घाम फुटला होता. कारण त्याला शुगर होती. आठ महिने झाले होते. गोरेगावच्या ज्या कंपनीत तो स्टोअर्स सांभाळायचा, तिथल्या डॉक्टरने तपासणीत पकडून मेटफॉर्मिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. गोळ्यांची पट्टी जुन्या चष्म्याच्या डबीत असायची. नवी पट्टी तो मासळी बाजाराजवळच्या मेडिकलमधून घ्यायचा, कारण त्या वासात शैला पाय ठेवत नसे. मासळी दारावर यायची. लपवायला कारण होतं. कारणाला तोंड नव्हतं, म्हणून ते आठ महिने डबीतच होतं.

आता या माणसाची अक्कल बघा. स्कॅनच्या आधी तिथे बोट टोचून साखर बघतात, हे त्याला कळलं होतं. साखर जास्त निघाली तर काउंटरवरची मुलगी शैलासमोर मोठ्याने आकडा सांगणार. म्हणून त्या मंगळवारी पहाटे त्याने एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. पाण्याशिवाय पोटात काही नको, असं सांगितलं होतं. पण गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, आणि ती घेतली पाण्याबरोबरच होती.

तुमच्या काउंटरवर त्याला फॉर्म दिला. 'मधुमेह आहे का? हो / नाही.' खांद्यावरून शैला वाकून वाचत होती. "टिक करा ना नाहीवर," ती म्हणाली, "एवढा काय विचार करताय? इंग्रजी कळत नाही का?" त्याने नाहीवर टिक केली. बोट टोचलं, आकडा निघाला एकशे बारा. "छान आहे," मुलगी म्हणाली. दोन गोळ्यांचं चीज झालं. मग सुई देऊन त्याला एका खोलीत तासभर न बोलता, न हलता बसवलं. सत्तावीस वर्षांत त्याला इतकी शांतता कुणी दिली नव्हती. त्याला ती आवडलीसुद्धा, हे त्याने पुढे कधी कबूल केलं नाही.

गुरुवारी रिपोर्ट आला. सुरुचीने वाचला. पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की फुप्फुसातल्या डागात काहीही अॅक्टिव्हिटी नाही, डाग जुना आहे. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते काम फत्ते. पण आपण पेपरसुद्धा शेवटच्या पानापासून वाचणारी माणसं. सुरुची थेट तुमच्या वाक्यापाशी गेली. सोबत चित्र होतं. काळ्या कागदावर सुभाषची आतडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी, ढळढळीत.

डॉक्टरांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "हं." डॉक्टरांच्या 'हं'मध्ये जागा फार असते. शैलाने त्यात कॅन्सर बसवला, सुरुचीने मोडलेला साखरपुडा बसवला, आणि सुभाषने स्वतःचा फोटो बसवला, हारासकट.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "एका जागी नाही, सगळीकडे आहे."

"सगळीकडे?" शैलाने चित्र डॉक्टरांच्या हातातून ओढून घेतलं.

"म्हणजे सगळीकडे आहे हे त्यातल्या त्यात चांगलं. पण आतून दुर्बीण घालून बघावं लागेल. बुधवारची वेळ घेऊ."

त्या दिवसापासून सुभाषच्या आतड्यांवर त्याचा एकट्याचा हक्क राहिला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी जितेशभाई समोरच राहायचे. त्यांनी चित्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सुभाषभाई, सच बोलू? एकदम जलेबी दिसते. गरम गरम." मग चूक लक्षात येऊन म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. इसबगोल. रोज रात्री दोन चमचे. माझ्या फादरना ब्याऐंशीपर्यंत काही नाही झालं."

"मग काय झालं?"

"मग गेले ना."

तीनशे चारच्या सुगंधावहिनी एरंडेल घेऊन आल्या. त्यांच्या मावसदिरांचं अगदी असंच होतं म्हणे, सेम टु सेम. ते मावसदीर आता कसे आहेत, असं शैलाने विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "ते जाऊ दे. तू हे कोमट करून दे." एकाने गोमूत्र सुचवलं, एकाने कडधान्य बंद करायला सांगितलं, दुसऱ्याने फक्त कडधान्य खायला सांगितलं. सुभाष प्रत्येकाला चित्र दाखवायचा. आधी लाजत, मग सवयीने, मग लग्नाचा अल्बम दाखवावा तसा, इथे मोठं आतडं सुरू होतं, इथे वळतं. दमलेल्या माणसाला आपलं पोट हे परक्याचं वाटायला लागतं, तसं झालं त्याचं.

आणि शैला रोज शिरा करायची. "खाऊन घ्या," एवढंच म्हणायची. पुढचं वाक्य ती बोलत नसे, पण ते वाटीत असायचं. आता वाढलेला शिरा नको कसा म्हणायचा? तो खायचा, आणि शिऱ्याची साखर चढेल म्हणून बाथरूममध्ये जाऊन एक गोळी जास्त घ्यायचा. बायको माया करत होती, हा त्या मायेवर गोळ्या झाडत होता, आणि दोन्ही त्या बिचाऱ्या आतड्यांत जाऊन पडत होतं.

आता बुधवार. दुर्बीण घालायची तर आदल्या दिवशी दुपारपासून पोट धुवावं लागतं. पावडर मिळते, ती पाण्यात कालवून ग्लासामागून ग्लास प्यायची. पुढे काय होतं ते सांगत नाही. घराघरांत संडास आहेत, समजून घ्या. या कामाला औषध दोन लिटर लागतं आणि पाणी दोनशे लिटर. आणि मंगळवार हा बी विंगचा पाण्याचा दिवस नव्हता. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, तेही वरच्या टाकीतून सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास सोडतात. दुर्बिणीच्या डॉक्टरांना वाटतं, नळ फिरवला की पाणी येतं. ते भाईंदरला राहत नसावेत.

शैला जितेशभाईंकडे गेली. जितेशभाई माणूस चांगला. पण सेक्रेटरी. त्यांनी तोंडी परवानगी द्यायला नकार दिला, अर्ज मागितला, अर्जावर चेअरमनची सही आणली, आणि दुपारी खाली बोर्डावर नोटीस लावली:

'बी विंग, रूम नं. ३०२ मधील श्री. भुवड यांचे पोट साफ होणे आवश्यक असल्याने आज दुपारी ३ ते ५ विशेष पाणी सोडण्यात येईल. सर्व सभासदांनी सहकार्य करावे.'

सभासदांनी सहकार्य केलं. नसलेल्या दिवशी दोन तास पाणी येणार, हे कळल्यावर कोण झोपून राहील? तीन वाजता बी विंगमधल्या अठ्ठावीस घरांचे अठ्ठावीस नळ एकदम उघडले. ड्रम भरले, बादल्या भरल्या, कुकर भरले, तळमजल्यावर एकाने स्कूटर धुतली. वरची टाकी पावणेचारला कोरडी झाली. तिसऱ्या मजल्यावर नळाने एक लांब उसासा टाकला आणि दोन थेंब दिले. तोपर्यंत सुभाषचे पाच ग्लास पिऊन झाले होते.

त्यानंतरची संध्याकाळ मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की लोक आले. ज्यांनी पाणी नेलं होतं तेच बादल्या घेऊन वर आले, प्रत्येकाने संडासाच्या दारावर टकटक केली आणि विचारलं, "आता कसं वाटतंय?" चोपन्न वर्षांच्या, स्टोअर्स खात्याच्या माणसाने, ज्याच्या सहीशिवाय कंपनीतून एक खिळा बाहेर जात नसे, बंद दाराआडून अकरा जणांना उत्तर दिलं की, "चाललंय." सातव्या ग्लासाला त्याने हात जोडले आणि उरलेली पावडर मोरीत ओतली. ती वाहून न्यायलाही पाणी नव्हतं.

बुधवारी दुर्बिणीच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि पाच मिनिटांत बाहेर काढली. "काही दिसत नाही. पोट साफच केलेलं नाही तुम्ही. शिकलेली माणसं ना? पुन्हा या. पुढची तारीख बारा दिवसांनी."

साखरपुडा त्या तारखेच्या आदल्या दिवशी होता.

गुरुवारी सुभाषने शैलाला गॅसचं पुस्तक कुठे असतं ते दाखवलं. मीटरच्या पेटीची चावी कुठली, सुरुचीच्या सोन्याची पावती कुठल्या फाइलीत आहे, हे दाखवलं. तिने फाइल मिटून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "मला सगळं ठाऊक आहे. तुम्ही दाखवू नका." मग ती शिरा करायला उठली. या माणसाला त्या क्षणी डबीतलं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मरणाच्या दारात उभं राहून बायकोला 'आणि शिवाय मला शुगरही आहे' असं कसं सांगायचं? ते त्याला जास्तीचं मागितल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी होणाऱ्या जावयाची, स्वप्नीलची, आई आली. गिरिजाताई. सरळ, शिस्तीच्या बाई. कुणीतरी त्यांच्यापर्यंत 'आतड्यांचं काहीतरी' पोचवलं होतं. त्या सोफ्याच्या टोकाला बसल्या. शैलाने चित्र लपवलं होतं, तरी जितेशभाई नोटिशीबद्दल माफी मागायला म्हणून आले होते आणि ते जिलबीबद्दल काय बोलतील याचा नेम नव्हता. तेवढ्यात दारात टोपली उतरली. सरूबाई. पाली गावची कोळीण. दर शुक्रवारी मासळी घेऊन यायची, आणि उरलेले दिवस बाजारात बसायची, मेडिकलच्या बरोब्बर समोर.

"बाय, आठ दिस झालं, बोंबील न्हाय घेतलेस," ती म्हणाली. "शेठ असा का सुकलाय?"

"बरं नाही त्यांना," शैला म्हणाली. "आतड्याला काहीतरी दिसलंय. कळत नाहीये डॉक्टरांना."

"मंग त्या साकरंच्या गोल्या घेतंय त्या सांगितल्यास का डाक्टरला?"

शैलाने टोपलीकडे वाकवलेली मान वर केली.

"कसल्या गोळ्या?" शैला म्हणाली.

"आता गो बाय! दर म्हैन्याला घेतंय, माज्या समोर उभा ऱ्हाऊन. माजी बी तीच हाय. त्या गोल्यांनी माज्या पोटात असा धिंगाना घातलेला, पैल्या म्हैन्यात मी टोपली सोडून पलत हुते! शेठ, तुमाला न्हाय झालं?"

सुभाषने भिंतीकडे बघितलं. भिंतीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. शैला त्याच्याकडे बघत होती, सुरुची शैलाकडे, आणि सगळे मिळून गिरिजाताईंकडे बघायचं टाळत होते. गिरिजाताईंनी चहाचा कप बशीत ठेवला.

"पाचशेची की हजारची?" त्यांनी विचारलं.

"पाचशेची," सुभाष म्हणाला. "दोनदा. हल्ली... तीनदा."

"जेवणानंतर घ्यायची असते," गिरिजाताई म्हणाल्या, आणि पर्सची चेन, जी कुणी बघितलीही नव्हती, ती उगाच घट्ट लावली. "रिकाम्या पोटी घेतली की मलाही त्रास होतो."

डॉक्टरांकडे सगळे गेले. सरूबाईसुद्धा निघाली होती, टोपलीमुळे राहिली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि तुमच्या सेंटरला फोन लावला. स्पीकरवर. इथे लक्ष देऊन ऐका, कारण हे तुमच्या घरचं आहे. तिकडून एक तरुण आवाज म्हणाला, "मेटफॉर्मिनवर आहेत का पेशंट? मग आतडी अशीच दिसतात, सर. ते औषध आतड्यांत काम करतं, आतडीच साखर ओढायला लागतात. नेहमीचं आहे. दोन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा पाठवा." मी मोजलं नाही, पण एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

नेहमीचं आहे!

"म्हणजे मला झालंय काय?" सुभाषने विचारलं.

"शुगर झालीय," डॉक्टर म्हणाले. "आतडं ही नुसती नळी नाही, सुभाषराव. अंगातल्या साखरेच्या कारभारात त्याचाही हात असतो. तुमची गोळी तिथे इमानाने काम करत होती, तेच चित्रात दिसलं. खोटं बोललात ते तुम्ही. तुमच्या आतड्यांनी खरं सांगितलं."

डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद. शिरा बंद. इसबगोल, एरंडेल, सगळं बंद. सोमवारी पुन्हा स्कॅन, मंगळवारी रिपोर्ट. तेरावा दिवस. या वेळी सुरुचीने पहिलं पान आधी वाचलं. चित्रात आतडी विझली होती. काळ्यावर काळं, जणू तिथे कधी कुणी काही पेटवलंच नव्हतं. पोट नॉर्मल.

घरी आल्यावर शैलाने चष्म्याची डबी टेबलावर ठेवली, उघडी.

"डॉक्टरला नाही सांगितलंत, ते सोडा," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंत? आठ दिवस मी तुम्हाला हाताने साखर भरवत होते. देवासमोर बसून भरवत होते. बोला."

सुभाषने डबीवरून नजर उचलली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.

"ज्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं," तो म्हणाला, "त्याच संध्याकाळी स्वप्नीलकडचे पहिल्यांदा आले होते. गिरिजाताईंनी विचारलं, घरात कुणाला शुगर वगैरे? मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, आमच्याकडे कुणालाच नाही. इतक्या ठामपणे म्हणालीस की मला वाटलं, तू म्हणतेस तर नसेल."

शैलाने डबी बंद केली. मग उघडली. "पोहे वाढता वाढता बोलले हो मी," ती म्हणाली, आणि रडायला लागली, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. साखरपुड्याला सुभाष एकदाही खोकला नाही. पेढा गिरिजाताईंनी आणि त्याने अर्धा अर्धा घेतला आणि दोघांनीही तो रुमालात गुंडाळला.

त्याने त्याचं उत्तर दिलं. उशिरा दिलं, पण बायकोच्या डोळ्यांत बघून दिलं. आता तुमचं. 'नेहमीचं आहे' हे तुमच्या सेंटरमधल्या पोराला पाठ होतं. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं असं सांगू नका. मग तुमच्या फॉर्मवर 'आजार आहे का' याला चौकट आहे आणि 'गोळी कोणती घेता' याला नाही, असं का? आणि एकदा, फक्त एकदा, त्या माणसाला बायकोपासून चार पावलं बाजूला घेऊन हा प्रश्न तोंडी का विचारला नाहीत? जे मासळीवालीला जमलं ते तुम्हाला का जमलं नाही?

बोला. आणि या वेळी सही वाचता येईल अशी करा.